कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं गॅरेज, डिझेल फिल्टरचं काम एकदम चोख
माझी डिझेल हॅचबॅक गगनबावड्याच्या घाटात चढाला दम टाकायला लागलेली, पिकप गायब, सकाळी स्टार्टिंगलाबी त्रास, एका ठिकाणी तर डायरेक्ट इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बदला म्हणून सांगितलं. मग शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या गॅरेजला नेली. मिस्त्रींनी आधी फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत डिझेल काढलं, तर तळाला बोटभर पाणी आणि त्यात काळा गाळ! पाणी डिझेलपेक्षा जड, खाली बसतं, हे डोळ्यानं बघितलं तेव्हा पटलं. नवा फिल्टर बसवून हातपंप मारत लाईनीतली हवा पूर्ण काढली, मगच स्टार्टर मारला. जुना फिल्टरपण हातात दिला, लई बरं वाटलं. पावसाळ्यात पाणी काढून घेत जावा म्हणाले. गर्दी असते, सकाळी लवकर गाडी लावा.