टेम्पुराचं तयार पीठ: पोषणाचा हिशेब काही महिन्यांच्या वापरानंतर

टेम्पुरा म्हणजे भाज्या किंवा कोळंबी पातळ पिठात बुडवून तळलेला जपानी पदार्थ; पीठ चिकट होऊ नये म्हणून ते गार पाण्यात कालवतात. लिहायचं कारण, नेहमीच्याऐवजी आणलेलं दुसऱ्या कंपनीच्या तयार पिठाचं पाकीट. कालवल्यावर पीठ पांढरंफेक दिसलं. आधीचं मस्त पिवळसर व्हायचं, आणि तो रंग अंड्याचा असेल असंच कुणालाही वाटेल. आधीच्या पाकिटाची घटकयादी वाचली: गव्हाचं पीठ, स्टार्च, बेकिंग पावडर आणि रंगासाठी व्हिटॅमिन बी२. अंड्याचा पत्ता नाही! काही पाकिटांत अंड्याची पावडर असते, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी रंगावर जाऊ नये, ॲलर्जीची चौकट वाचावी.

या बी२चा हिशेब मांडण्यासारखा आहे. जपानच्या अन्नघटक तक्त्यात साध्या हलक्या (कमी प्रथिनांच्या) मैद्यात १०० ग्रॅमला बी२ जेमतेम ०.०३ मिलिग्रॅम, तर टेम्पुराच्या तयार पिठात १ मिलिग्रॅमच्या आसपास. माणशी २५ ग्रॅम पीठ धरलं तर पाव मिलिग्रॅम, म्हणजे एका अंड्यातून मिळतं त्याहून थोडं जास्तच. पण अंड्याबरोबर ६ ग्रॅम प्रथिनंही येतात, या पिठात जेमतेम २ ग्रॅम. तेवढ्याच बेसनात ५ ग्रॅम असतात, पण मग ती भजी झाली. रंगासाठी घातलेल्या जीवनसत्त्वाला पोषण समजून जादा पैसे मोजू नयेत.

पाकिटावरच्या साधारण ३४० कॅलरी बघून सुरुवातीला हे पीठ हलकं वाटलं होतं. ते मत आता राहिलं नाही. तो आकडा १०० ग्रॅम कोरड्या पिठाचा आहे. माणशी पिठाच्या ८५ कॅलरी होतात, आणि टेम्पुरा जिन्नसाच्या वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के तेल पितो. १०० ग्रॅम भाजीला १५ ते २५ ग्रॅम तेल, म्हणजे १३५ ते २२५ कॅलरी. पिठापेक्षा तेलच भारी पडतं.

म्हणून खरं लक्ष थराच्या जाडीवर हवं. १०० ग्रॅम पिठाला १६० मिलि बर्फगार पाणी. चॉपस्टिकने पाच-सहा वेळा ढवळून थांबायचं, गुठळ्या राहू द्यायच्या. जास्त घोटलं की ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) ताणतं, पीठ चिकट होतं, थर जाड बसतो आणि आतून ओला राहतो. उचललेल्या चॉपस्टिकवरून पीठ पातळ धारेने पडून मध्येच तुटायला हवं. शिसोच्या (एक सुगंधी जपानी पालेभाजी) पानाला एकाच बाजूने पीठ लावायचं. काकिआगेत (चिरलेल्या भाज्या एकत्र करून तळलेला टेम्पुरा) भाजीचे तुकडे बारीक, पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तेलही जास्त. भाज्यांना १७० अंश, कोळंबीला १८०. तेल गार असताना सोडलं तर थर लवकर धरत नाही आणि मऊ, तेलकट होतो.

तयार पिठाची एक गोष्ट मनापासून आवडली: स्टार्च आणि बेकिंग पावडरमुळे थोडं जास्त ढवळलं गेलं तरी कुरकुरीतपणा टिकतो. नवशिक्याला त्याचा मोठा आधार आहे. पण आयात पाकिटाची किंमत बघता घरीच करणं परवडतं. आपल्या मैद्यात प्रथिनं साधारण १० ते ११ टक्के, हलक्या जपानी पिठात ८ च्या आसपास. ८० ग्रॅम मैद्यात २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर मिसळलं की प्रथिनांचा आकडा तिथेच येतो. अर्धा चमचा बेकिंग पावडर घाला. अंडं चालत असेल तर एक अंडं फेटून त्यात गार पाणी घालून एकूण २०० मिलि करा आणि १०० ते ११० ग्रॅम पीठ चाळून टाका. अशा वेळी बेकिंग पावडर नको. प्रथिनांसाठी हाच मार्ग.

मिठाची काळजी पिठापेक्षा तेंत्सुयूची, म्हणजे टेम्पुरा बुडवून खायच्या सॉसची करावी. पिठात बेकिंग पावडरमुळे १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅमच्या आसपास मीठ येतं, पण सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या वर. दाशी (जपानी सार) ४, मिरिन (तांदळाची गोड वाइन) १, सोया १ या प्रमाणात करून टेम्पुरा टोकापुरताच बुडवावा. किसलेला मुळा भरपूर घ्यावा.