एक्सव्हिजन हेडसेट: विदर्भातल्या जिल्ह्याच्या ठिकाणी कितपत उपयोगी?

ऑगमेडिक्स कंपनीच्या एक्सव्हिजनला, म्हणजे मणक्यात स्क्रू बसवताना सर्जनने डोक्यावर घालायच्या हेडसेटला, अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणांच्या नियामक संस्थेची) मंजुरी डिसेंबर 2019 मध्ये मिळाली. सर्जनच्या डोळ्यांसमोरच्या पारदर्शक पडद्यावर रुग्णाचाच मणका उमटतो. स्क्रूची दिशा पाहायला मान वळवून मॉनिटरकडे बघावं लागत नाही. छातीच्या मधल्या मणक्यांत, जिथे पेडिकल (स्क्रू ज्यातून जातो तो मणक्याचा हाडाचा दांडा) जेमतेम 4-5 मिमी रुंद असतं, तिथे हा फायदा फार मोठा आहे.

योजना आधी आखायची तर यवतमाळ-गडचिरोलीहून आलेलं सीटी स्कॅनच्या फिल्मचं पाकीट कामाचं नाही. 1 मिमी कापांचा डायकॉम डेटा (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा) सीडीवर मागून घ्या.

खरी मेख क्लॅम्पची, म्हणजे हेडसेटला माग देणारा मार्कर ज्यावर असतो त्या, मणक्याला लावलेल्या चिमट्याची. क्षयाने पोखरलेल्या किंवा ठिसूळ हाडावर तो सैल बसतो. जरा हलला की पडद्यावरचा मणका खऱ्या मणक्यावर राहत नाही, आणि पडदा काहीच सांगत नाही! म्हणून प्रत्येक स्क्रूआधी ओळखीच्या हाडावर प्रोब टेकवून पडताळा. 2 मिमी फरक दिसला तर रजिस्ट्रेशन (पडद्यावरचा मणका खऱ्या मणक्याशी जुळवणं) पुन्हा करा. क्लॅम्पपासून लांबच्या मणक्यांवर चूक वाढते. मार्करवर रक्त उडालं, सहाय्यकाचा हात आड आला, तरी माग सुटतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरच स्कॅन करायचा तर थ्रीडी सी-आर्मसारखं (रुग्णाभोवती फिरणारं) एक्स-रे यंत्र लागतं. स्कॅन चालू असताना वीज गेली तर तो पहिल्यापासून. जनरेटरवर विसंबू नका, यूपीएस हवाच.