नाशिककरांसाठी समुद्रकिनारा : डहाणू-बोर्डी की अलिबाग?

हाताशी दोनच दिवस असतील, तर त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी गाठणे मला अधिक सोयीचे वाटते. सुरूच्या सावलीत बसावे, ओहोटीला दूरवर सरकलेल्या पाण्यापर्यंत ओल्या वाळूतून चालत जावे आणि परतताना भौगोलिक मानांकन मिळालेले घोलवडचे चिकू घ्यावेत, एवढ्यातच आजी-आजोबाही सुखावतात. मात्र पावसाळ्यात जव्हारचा घाट जपूनच उतरावा.

अलिबाग लांब पडते, परंतु तिथे कुलाबा किल्ला आहे. 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेल्या या जलदुर्गात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते आणि चारही बाजूंनी खारे पाणी असताना आतल्या विहिरीचे पाणी गोड लागते, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवायलाच हवे. त्यासाठी भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून मगच मुक्काम ठरवावा.