‘प्रेपिन डेटा’चे २०२३चे पहिले सहा सराव: ओळींची संख्या जुळली म्हणून हुरळून जाऊ नका

डेटा साफ करायला शिकवणारे व्हिडिओ पैशाला पासरी मिळतात. मात्र हाताला सवय लागेल असा सराव, तोही फुकट आणि तपासता येईल असा, फारसा सापडत नाही. कार्ल ऑल्चिन आणि जोनाथन ऑलनबी यांनी २०१९मध्ये सुरू केलेली ‘प्रेपिन डेटा’ ही साप्ताहिक मालिका त्यातली. दर बुधवारी एक कोडं येतं. त्यात कच्ची फाइल, काय करायचं याची यादी आणि शेवटी किती कॉलम, किती ओळी यायला हव्यात याचा आकडा असतो. मूळ बेत टॅब्लो प्रेप या डेटा साफ करायच्या साधनासाठी असला तरी कोडी कुठल्याही साधनात सुटतात. टॅब्लो प्रेपला चाचणीची मुदत संपली की पैसे पडतात. एक्सेलमधलं पॉवर क्वेरी (डेटा आत घेऊन साफ करायची सोय) बहुतेकांच्या लॅपटॉपवर आधीच असतं आणि त्याच कामाचं नाइम (KNIME) फुकट उतरवता येतं. म्हणून हे परीक्षण या दोन साधनांना धरून आहे.

इतक्या वर्षांचा ढिगारा समोर पाहून कुठून सुरू करावं ते कळत नाही. २०१९पासून ओळीने सोडवत बसू नका. जानेवारी २०२३पासूनचे पहिले सहा आठवडे सुरुवातीला बरे पडतात आणि सहाही सरावांत एकाच काल्पनिक बँकेचा विषय आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी नवा विषय समजून घ्यावा लागत नाही. दिवसाला एक असं धरलं तर आठवड्याभरात सहाही होतात. चौथ्याला मात्र दीडपट वेळ ठेवा.

पहिला सराव दिसायला बाळबोध आहे. व्यवहाराच्या कोडमधून पहिल्या डॅशच्या आधीची अक्षरं काढायची, म्हणजे बँकेचं नाव मिळतं. १ आणि २च्या जागी ‘ऑनलाइन’ आणि ‘इन-पर्सन’ लिहायचं, तारखेचा वार करायचा आणि तीन वेगवेगळे गोषवारे काढायचे. पण मेख अशी की एका बँकेचं नाव दोन अक्षरी आहे, ‘डीएस’. बाकी दोन तीन अक्षरी, ‘डीएसबी’ आणि ‘डीटीबी’. पहिली तीन अक्षरं कापली तर ‘डीएस’ला शेपटीसारखा डॅश चिकटतो. बँकनिहाय गोषवाऱ्यात ओळी तरीही तीनच येतात! दिलेला आकडा जुळतो आणि चुकीचं नाव तसंच पुढे जातं. म्हणून कापायचं ते डॅशवर, तेही पहिल्याच डॅशवर. पॉवर क्वेरीत ‘स्प्लिट कॉलम’मध्ये ‘लेफ्ट-मोस्ट डिलिमिटर’ हा पर्याय निवडा.

तारखेतला धोका याहून वाईट. फाइलमध्ये दिवस आधी आणि महिना नंतर आहे. विंडोज भारतीय इंग्रजीवर असेल तर प्रश्न नाही. पण ऑफिसचे पुष्कळ लॅपटॉप अमेरिकी सेटिंगवरच राहिलेले असतात. तिथे १३ तारखेपासून पुढच्या तारखा एरर देतात. ते बरं, निदान दिसतं तरी. १ ते १२ तारखांमध्ये दिवस आणि महिना गुपचूप अदलाबदल करतात, वार चुकतो आणि कुठेही लाल खूण उमटत नाही. पॉवर क्वेरी फाइल उघडताच ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी आपणहून घालते. ती काढून टाका आणि ‘युजिंग लोकेल’मधून (लोकेल म्हणजे तारखा-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ती सेटिंग) इंग्लिश (युनायटेड किंगडम) निवडून तारीख करा. आणखी एक खाचखळगा: १च्या जागी ‘ऑनलाइन’ भरण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करावा लागतो, आकड्यांच्या कॉलममध्ये अक्षरं बसत नाहीत.

तीन बँका, सात वार, दोन प्रकार, म्हणून दुसऱ्या गोषवाऱ्यात ४२ ओळी यायला हव्यात. पण खरी तपासणी वेगळी आहे. तिन्हींपैकी प्रत्येक गोषवाऱ्यातल्या रकमांची बेरीज मूळ फाइलच्या बेरजेइतकीच यायला हवी. ही तपासणी सरावात सांगितलेली नाही आणि आमच्या मते ही या मालिकेतली सगळ्यात मोठी उणीव आहे. विद्यार्थी ओळी मोजतो, आकडा जुळला की पुढे जातो. ओळी किती आल्या त्यावरून आकार कळतो, आतला मजकूर बरोबर आहे की नाही ते कळत नाही.

दुसऱ्या सरावात आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक जोडायचा असतो. आपल्याकडे आयएफएससी ११ अक्षरांचा, ब्रिटनचा आयबॅन २२चा: देशाची २ अक्षरं, २ तपासणी अंक, बँकेची ४ अक्षरं, सॉर्ट कोडचे (ब्रिटनमधला बँक शाखेचा क्रमांक) ६ अंक आणि खात्याचे ८. खाते क्रमांक फाइलमध्ये आकडा म्हणून येतो, तो आधी टेक्स्ट करा, नाहीतर जोडणीच होणार नाही. सॉर्ट कोडातले डॅश काढल्यावर उत्साहाच्या भरात त्याचा आकडा केलात तर पुढचं शून्य गळतं. यावर उपाय स्वस्त आहे. शेवटी लांबी मोजणारा एक कॉलम घाला आणि २२ नसलेली एकही ओळ उरली नाही ना ते पाहा.

या सरावात एक गोष्ट मात्र खटकते. तपासणी अंक बँकेगणिक एकच ठरवून दिले आहेत. प्रत्यक्षात ते खाते क्रमांकासकट सगळ्या अक्षरांवरून, ९७ने भागून येणाऱ्या बाकीच्या हिशोबाने निघतात, म्हणजे खात्यागणिक बदलतात. तेव्हा इथे तयार होणारे आयबॅन खऱ्या तपासणीत टिकणार नाहीत. जॉइन (दोन तक्ते सामाईक कॉलमवर जोडणं) शिकायला ठीक, पण बँकेच्या कामात हेच सूत्र उचलू नका.

तिसरा सराव जॉइनचे प्रकार अंगात भिनवतो. एका तक्त्यात व्यवहार आहेत, दुसऱ्यात चार तिमाहींची उद्दिष्टं आडवी मांडलेली. ती उभी करायची (अनपिव्होट), ‘क्यू१’मधला ‘क्यू’ काढून आकडा ठेवायचा आणि दोन्ही तक्ते तिमाही आणि प्रकार या दोन कॉलमांवर जोडायचे. उत्तर आठ ओळींचं. चुकलात तर नेमकं कुठे, ते ओळींवरून ओळखता येतं. शून्य ओळी आल्या किंवा जॉइन अडलं, तर एकीकडे तिमाही आकडा आहे आणि दुसरीकडे टेक्स्ट. चारच ओळी आल्या, तर ‘इन-पर्सन’मधला डॅश तुम्ही पहिल्या सरावाच्या वेळीच विसरला आहात, फक्त ‘ऑनलाइन’ जुळतंय. आणि तीच चूक असताना लेफ्ट जॉइन (डावीकडच्या तक्त्याच्या, इथे व्यवहारांच्या, सगळ्या ओळी ठेवणारं) केलं असेल तर आठच्या आठ ओळी येतात, पण चार उद्दिष्टं रिकामी. सरावापुरतं इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारं) चालतं. कामाच्या वर्कफ्लोत (पायऱ्यांच्या साखळीत) लेफ्ट जॉइन करून रिकाम्या जागा मोजणं बरं. नाइमच्या जॉइनर नोडमध्ये (नाइममध्ये एकेका पायरीचा ठोकळा म्हणजे नोड) न जुळलेल्या ओळी वेगळ्या पोर्टवर काढायची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून वापरा.

चौथा सराव या सहांतला मुकुटमणी. बारा महिन्यांच्या बारा शीट्स, प्रत्येकीत नवे ग्राहक, आणि एका कॉलमच्या नावाचं स्पेलिंग काही शीट्समध्ये चुकलेलं. एकाखाली एक रचल्या की एका कॉलमचे तीन होतात आणि दोघांत नुसती रिकामी घरं. ते पुन्हा एकत्र करायचे. शीटच्या नावातून महिना घ्यायचा, दिवस जोडून २०२३ची तारीख करायची, जन्मतारीख, खात्याचा प्रकार वगैरे उभ्या नोंदी आडव्या करायच्या आणि शेवटी एकच ग्राहक दोनदा आला असेल तर त्याची सर्वांत आधीची तारीख ठेवायची.

पॉवर क्वेरीत इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. वर्कबुक उघडल्यावर जी यादी दिसते तिच्यात शीट्सबरोबर टेबलं आणि नावं दिलेल्या रेंजही असू शकतात. ‘काइंड’ कॉलमवर ‘शीट’ एवढंच ठेवा, नाहीतर तोच डेटा दोनदा मोजला जाईल. दुसरं, विंडोजची भाषा मराठी असेल तर इंग्रजी महिन्याच्या नावावरून तारीख होणार नाही, इथेही लोकेल इंग्रजी द्या. तिसरं सगळ्यांत फसवं. तारखेने क्रम लावून मग ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ केलं की पहिली ओळ राहील असं वाटतं. पॉवर क्वेरी पायऱ्या आळशीपणाने, गरज पडेल तशा चालवते, त्यामुळे लावलेला क्रम तिथपर्यंत टिकेलच याची हमी नाही. आज बरोबर आलेलं उत्तर उद्या फाइल वाढली की बदलू शकतं. ग्राहक क्रमांकावर ‘ग्रुप बाय’ करून तारखेचा ‘मिन’ (सर्वांत आधीची तारीख) घ्या आणि ग्राहक क्रमांक व ती तारीख या दोन्हींवर मूळ तक्त्याशी परत जोडा. सगळे कॉलम गटात घालून ‘मिन’ घेऊ नका, कारण त्याच ग्राहकाची एखादी नोंद वेगळी असेल तर डुप्लिकेट मागच्या दाराने परत येतो.

स्पेलिंगच्या गोंधळाला एक पळवाटही आहे. सगळ्या शीट्समध्ये कॉलमांचा क्रम एकच आहे ना हे पाहून घ्या आणि पहिली ओळ शीर्षक म्हणून वर चढवूच नका. मग ‘कॉलम१’, ‘कॉलम२’ अशी नावं सगळीकडे सारखी राहतात, रचणं सरळ होतं आणि शीर्षकांच्या बारा ओळी नंतर गाळता येतात. ही युक्ती कामाची, पण सरावाचा हेतू बुडवणारी. आधी लांबच्या रस्त्याने सोडवा.

पाचव्याबद्दल थोडक्यात. महिन्यागणिक बँकांचा क्रमांक लावायचा आणि बाकी कॉलम न गमावता दोन सरासऱ्या जोडायच्या. ३६ ओळींऐवजी तीनच उरल्या तर तुम्ही गोषवारा केला पण तो मूळ तक्त्याला परत जोडला नाही.

सहावा सराव ग्राहकांच्या गुणांकनाचा. मोबाइल ॲप आणि ऑनलाइन सेवा, दोन्हींसाठी पाच-पाच कॉलम. ते उभे करून नावातला सेवेचा भाग तोडायचा आणि ‘ओव्हरऑल रेटिंग’ वगळायचं, कारण ते चुकीचं मोजलेलं आहे असं सरावातच सांगितलंय. नाव नुसत्या डॅशवर तोडलं तर पुढे एक मोकळी जागा उरते. मग ‘ओव्हरऑल रेटिंग’ नाव लिहून गाळायला गेलात तर काहीच गळत नाही आणि एररही येत नाही. डॅशच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागांसकट तोडा किंवा ‘ट्रिम’ करा. चूक पकडायची सोपी खूण: उरलेल्या चार प्रश्नांची सरासरी नेहमी पावाच्या पटीत येते, ३.२५, ३.५ अशी. तक्त्यात कुठे ३.२ किंवा ३.६ दिसलं, तर पाचवा प्रश्न अजून आत बसलेला आहे.

पुढे प्रत्येक ग्राहकाच्या ॲप आणि ऑनलाइनच्या सरासरीतल्या फरकावरून गट पाडायचे: २ किंवा जास्त असेल तर कट्टर चाहते, १ किंवा जास्त तर चाहते, मधले तटस्थ. नाइमचा ‘रूल इंजिन’ नोड वरून खाली वाचतो आणि पहिला लागू पडणारा नियम घेऊन थांबतो. पॉवर क्वेरीचा ‘कंडिशनल कॉलम’ही तसाच. त्यामुळे १चा नियम २च्या वर लिहिला तर कट्टर चाहते गायब होतात आणि पाचऐवजी कमी ओळी येतात. फरकाचं चिन्ह पुसू नका, नाहीतर ॲपवाले कोण आणि ऑनलाइनवाले कोण ते उरत नाही. शेवटी काढायची प्रत्येक गटाची टक्केवारी एका दशांशापर्यंत घेतल्यावर बेरीज नेमकी १०० येईलच असं नाही. तिथे तास घालवू नका.

मालिकेची दुसरी मर्यादा म्हणजे पायऱ्या क्रमाने लिहून दिलेल्या असतात. पाककृती वाचून भाजी केल्यासारखं होतं. स्वयंपाक येतो का, ते वेगळं. त्यामुळे पायऱ्या झाकून ठेवा, फक्त कच्ची फाइल आणि अपेक्षित उत्तराचे कॉलम पाहा आणि उत्तराकडून मागे येत कागदावर आराखडा काढा. मगच साधन उघडा. अधिकृत उत्तर टॅब्लो प्रेपच्या चित्रांसह येतं. पॉवर क्वेरीवाल्यांना त्यातून तर्क मिळतो, बटणं मिळत नाहीत. फाइल्सही छोट्या आहेत, म्हणजे वर्कफ्लो मंद का चालतो हे इथे शिकायला मिळणार नाही. आणि तीच फाइल पुढच्या महिन्यात एक कॉलम जास्त घेऊन आली तर काय, हा रोजच्या नोकरीतला प्रश्न तर येतच नाही. तो स्वतः घाला: चौथ्या सरावाच्या वर्कबुकमध्ये एक तेरावी शीट जोडा, मध्ये एक कोरी ओळ सोडा, फेब्रुवारीच्या शीटमध्ये एका दिवसाच्या जागी ‘३१’ लिहा आणि काहीही न बदलता वर्कफ्लो परत चालवा.

सहा झाल्यावर सातव्याकडे जाण्याआधी भारत सरकारच्या डेटा पोर्टलवरून बाजार समित्यांचे रोजचे भाव उतरवा. जिल्हा, बाजार, पीक, वाण, आवकेची तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर प्रतिक्विंटल असे कॉलम मिळतात. महाराष्ट्राच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र केल्या की औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर ही एकाच जिल्ह्याची दोन-दोन नावं हाताळावी लागतात. इथे रिप्लेसच्या पायऱ्या रचू नका. जुनं नाव आणि नवं नाव असा दोन कॉलमांचा वेगळा तक्ता ठेवा, लेफ्ट जॉइन करा आणि जी नावं जुळली नाहीत तेवढीच वेगळी काढून पाहा.