‘थांबवा’ म्हणजे बंद नव्हे

दिवाळीला कराडला गेले, तर अण्णांनी फराळाच्या आधी पासबुक पुढं ठेवलं. नुकतंच बँकेतून भरून आणलेलं. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दर १२ तारखेला ३९९ रुपये गेलेले. “बँकवाले म्हणतात, तुम्हीच परवानगी दिलीय. मी कधी दिली गं?”

दिली होती. आषाढीच्या सुमारास त्यांनी कीर्तनं ऐकायचं एक ॲप घेतलं होतं. ‘१ रुपयात ७ दिवस’, मोठ्या अक्षरांत. रुपया भरायचा म्हणून यूपीआय पिन टाकला. तो पिन नुसत्या रुपयाचा नव्हता, ऑटोपेचा होता, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापून घ्यायच्या परवानगीचा: दरमहा ५०० रुपयांपर्यंत, मुदत पार २०५५ सालापर्यंत. तेव्हा अण्णा एकशे सहा वर्षांचे असतील. पिनच्या आधी हे सगळं लिहिलेलं असतं, नाही असं नाही. पण एक रुपया वाचून आलेला माणूस पुढचं वाचत बसत नाही.

आठ-दहा दिवसांत आवाज अडकायला लागला, तसं त्यांनी ॲपच काढून टाकलं. त्यांच्या लेखी विषय संपला. पैसे कापायच्या चोवीस तास आधी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मेसेज आलेही होते, चारही वेळा. इंग्रजीत, कर्ज देणाऱ्यांच्या मेसेजांच्या ढिगाऱ्यात.

मी पुण्यात ॲपच्या स्क्रीन डिझाइन करते. बारा वर्षं हाच धंदा. त्यामुळे “द्या इकडं, दोन मिनिटांचं काम आहे” असं तोऱ्यात म्हणाले. ॲप पुन्हा घेतलं. प्रोफाइलमध्ये काही नाही, सेटिंग्जमध्येही नाही. ‘मदत’च्या अगदी तळाला ‘माझी योजना’. तिथं वारकऱ्याचं चित्र आणि प्रश्न: ‘माउली, वारी अर्ध्यावर सोडणार?’ खाली रुंद भगवं बटण, ‘नाही, मी चालत राहीन’. त्याखाली फिकट राखाडी अक्षरांत ‘पुढे जा’. मग कारण विचारलं, मग निम्म्या किमतीचं आमिष, आणि सगळ्यात शेवटी ‘थांबवा’. मी दाबलं. हिरवी खूण आली. झालं बघा अण्णा, म्हटलं.

१२ नोव्हेंबरला पैसे गेले नाहीत. १२ डिसेंबरला गेले.

त्याच ॲपची भाषा इंग्रजी करून पाहिली, तर त्या बटणावर ‘पॉज’ होतं. म्हणजे एक महिन्याची सुट्टी, नंतर आपोआप चालू. मराठीत ‘थांबवा’! शब्द चुकीचा आहे असं कुणी म्हणू शकणार नाही, हीच त्यातली मेख. आळसानं झालं की मुद्दाम, देव जाणे. माझा अंदाज विचाराल तर कुणीतरी दोन-तीन शब्द लावून पाहिले असतील, आणि ज्यावर आकडा बरा आला तो राहिला असेल.

असा अंदाज मला करता येतो, कारण हे मी स्वतः केलंय. आधीच्या एका नोकरीत सबस्क्रिप्शन रद्द करणारे फार झाले होते आणि तिमाही संपत आली होती. मी ‘रद्द करा’ राखाडी केलं, मध्ये एक स्क्रीन वाढवली. लोक वैतागतील, असं एकदा म्हणून पाहिलं. मॅनेजर म्हणाले, टेस्ट करू. निम्म्यांना जुनी स्क्रीन, निम्म्यांना नवी. नवीत राहणारे जास्त निघाले. पण हवं म्हणून राहिलेला आणि बटण सापडलं नाही म्हणून राहिलेला, दोघं त्या तक्त्यात एकाच रकान्यात. तक्रारींचा तक्ता कॉल सेंटरकडे, तो आमच्या मीटिंगमध्ये कधी उघडलाच नाही. मला बोनस मिळाला. तो मी परत केलेला नाही.

अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१० साली दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार आहेत. सबस्क्रिप्शनचा सापळाही आहे आणि नको म्हणणाऱ्याला लाजवणंही. अण्णांच्या फोनवर दोन्ही एकाच स्क्रीनवर होते.

तेव्हा ॲपच्या आत शोधत बसू नका, आणि नुसतं ॲप काढून तर काहीच होत नाही. ज्या यूपीआय ॲपमधून पिन टाकला ते उघडा, त्यात ऑटोपे किंवा मँडेट शोधा, तिथंच रद्द करा. पुन्हा पिन लागतो, तो टाका. नाताळात मी हे केलं, मिनिटभरही लागलं नाही. शिवाय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. डिसेंबरचे ३९९ परत आले. आधीचे १५९६ नाहीत. सेवा चालू होती म्हणे.

त्या यादीत आणखी एक ऑटोपे निघालं, पंचांगाच्या ॲपचं, महिना २९ रुपये. तेही काढायला गेले, तर अण्णांनी हात धरला. “ते राहू दे. ते मी रोज बघतो.”