सी-वीड टॉनिक, सोळा वाफे आणि एक वजनकाटा : रब्बी कांद्यावर आठ महिन्यांचा अनुभव

डिसेंबरच्या लागणीपासून ऑगस्टमध्ये कांदा साठवायची चाळ उघडेपर्यंत समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली रब्बी कांद्यावर वापरून पाहिली. निकाल आधीच सांगतो : पातीला काळोखी, म्हणजे गर्द हिरवा रंग, येते. वजन वाढतं का, ते सांगता येत नाही. आणि हे ‘सांगता येत नाही’ मोजून आलेलं आहे.

चाकणच्या बाजारात गाडी खाली व्हायची वाट बघताना हा वाद हमखास निघतो. एकाच्या एकरी दहा पिशव्या वाढलेल्या असतात, दुसऱ्याच्या मते बाटलीत रंगीत पाणी असतं. दोघांनीही अख्ख्या एकरावर मारलेलं असतं आणि तुलना केलेली असते गेल्या सालाशी, नाहीतर बांधापलीकडच्या शेताशी. कंपनीचा डेमो त्याहून अवघड प्रकरण. तुकडा विहिरीजवळचा, भारी जमिनीचा. टॉनिकच्याच टाकीत स्टिकर, म्हणजे फवारा पातीला चिकटवणारं द्रव्य, आणि करप्याचं, म्हणजे पात करपवणाऱ्या रोगाचं, बुरशीनाशक. कांद्याची पात मेणचट, थेंब टिकत नाही, स्टिकरने बुरशीनाशक टिकतं आणि करपा आटोक्यात राहायला मदत होते. श्रेय मात्र सगळं टॉनिकला. फोटोसाठी उपटलेले पाच कांदे तर कुठल्याही वाफ्यात सापडतात.

म्हणून मांडणी अशी केली. गादीवाफा १२० सेंमी रुंद, मधली सरी ४५ सेंमी, लागण १५ × १० सेंमीवर, म्हणजे गादीवर आठ ओळी. वाफ्याची लांबी १२ मीटर. दोन्ही टोकांचा एकेक मीटर सोडून मधल्या १० मीटरचाच, साधारण ८०० रोपांचा, कांदा मोजायचा. एका जोडीत दोन वाफे, त्यांच्या मधे एक वाफा मोजणीबाहेरचा, तुषार उडून येऊ नयेत म्हणून. अशा आठ जोड्या पावणेपाच गुंठ्यांत बसतात. सहा जोड्यांत एका वाफ्याला टॉनिक, दुसऱ्याला तेवढंच पाणी आणि तोच स्टिकर. उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही वाफ्यांना नुसतं पाणी आणि स्टिकर. या कोऱ्या जोड्या बघून गावात हसू झालं, ‘काहीच न मारता काय मोजणार?’ पण सगळ्यात कामाच्या त्याच निघाल्या.

कुठल्या वाफ्याला टॉनिक, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. हाताने निवडलं की हात आपोआप चांगल्या वाफ्याकडे जातो. जोडीतले दोन्ही वाफे ठिबकच्या नळीवर डोक्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. एक डोक्याला आणि दुसरा शेवटाला गेला तर टॉनिकऐवजी पाण्याचा दाब मोजला जातो. मागच्या साली शेणखताचा ढीग जिथे होता ती जागा, जुना मोडलेला बांध आणि कडुनिंबाची सावली चाचणीत घ्यायचीच नाही.

फवारण्या लागणीनंतर ३०, ४५ आणि ६० दिवसांनी, लिटरला २ मिली. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर एका वाफ्याला जेमतेम १ लिटर द्रावण लागतं. सहा वाफ्यांना ६ लिटर, पण पंपाच्या तळाशी उरतं म्हणून ८ लिटर करायचं आणि त्यात १६ मिली औषध. हे बाटलीच्या झाकणाने मोजू नका, बिनसुईची सिरिंज घ्या. पंप एकच वापरायचा आणि आधी पाण्याचे वाफे उरकायचे, मग टॉनिकचे. उलट केलं तर पंपात राहिलेलं औषध पाण्याच्या वाफ्यांवर जातं. दोन पंप असतील तर दोन्ही नोझलचं एका मिनिटाचं पाणी मापात धरून बघा. झिजलेलं नोझल जादा सोडतं आणि मात्रा गुपचूप वाढते. फुलकिडे आणि करप्याची औषधं वेगळ्या दिवशी, सगळ्या वाफ्यांना सारखी. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, दहा दिवसांच्या आत भरून घ्या आणि त्यानंतर एकदा रोपं मोजून ठेवा. चाळीस रोपं कमी असलेला वाफा हरला तर दोष टॉनिकचा नाही.

काढणीला सगळ्यात जास्त घोळ होतो. टॉनिकच्या वाफ्यांत पात हिरवी राहिल्याने माना पडायला, म्हणजे कांदा तयार होऊन पात आडवी व्हायला, चार दिवस उशीर झाला. दोन्ही एकाच दिवशी ओल्या पातीसकट तोलले असते तर टॉनिक सहज जिंकलं असतं, पातीच्या वजनावर. म्हणून जोडीतल्या दोन्ही वाफ्यांच्या निम्म्या माना पडेपर्यंत थांबलो, मग काढणी, शेतात पातीखाली सुकवण, दोन-अडीच सेंमी मान ठेवून कापणी आणि दहा दिवस सावलीत. त्यानंतरच वजन. क्रेटवर फक्त नंबर. कुठला नंबर कशाचा ते वहीत, आणि ती वही कांदा निवडणाऱ्या बायकांपासून लांब. गोल्टी (बारीक कांदा), जोड (जुळे कांदे) आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) वेगळे तोलायचे. स्प्रिंगचा काटा इथे कुचकामी, इलेक्ट्रॉनिक काटाच हवा, आणि क्रेटचं वजन दर वेळी वजा.

एकरी हिशेबाची एक मेख. १० मीटर वाफ्यातून ४० किलो निघाले तर क्षेत्र १२ चौरस मीटर धरायचं की १६.५? सरी सोडून फक्त गादी धरली की एकरी १०० क्विंटलचे १३७ होतात. सरीकडेच्या ओळी उजेड आणि जागा जास्त खातात, त्यांची सरी हिशेबात घ्यायलाच हवी. उत्पादन मोजायच्या पीक कापणीत लहान तुकडा घेतला की कडेच्या झाडांमुळे उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, फुगतो, हे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकातच दाखवलं होतं. डेमोच्या पाटीवरचे आकडे अजून तसेच फुगतात.

आता आकडे. सहापैकी चार जोड्यांत टॉनिक पुढे, दोनांत मागे. सर्वांत मोठा फरक ४ किलोंचा. आणि कोऱ्या जोड्या? एकीत साडेतीन किलो, दुसरीत दोन. काहीही न मारता. चार जिंकल्या हे ऐकायला बरं वाटतं, पण सहा वेळा नाणं उडवलं तरी चार किंवा जास्त छापे ६४ पैकी २२ वेळा येतात. सहाच्या सहा आले असते तर ६४ पैकी १, मग मान डोलावली असती.

खरी अडचण पैशाच्या बाजूने दिसते. तीन फवारण्यांचा खर्च एकरी २,००० रुपये आणि कांदा १० रुपये किलो धरला, तर २ क्विंटल जादा आले की पैसे फिटतात. एकरी १०० क्विंटलमध्ये हे २ टक्के. चाळीस किलोंच्या वाफ्यात ८०० ग्रॅम, म्हणजे पंधरा-सोळा कांदे. वाफ्या-वाफ्यात मुळातच साडेतीन किलोंचा फरक असताना हे पंधरा कांदे सहा जोड्यांत पकडता येत नाहीत. म्हणजे टॉनिक फायद्याचं असूनही या चाचणीत दिसलं नसेल, हेही खरं. ‘फरक नाही’ म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं.

साठवणीसाठी प्रत्येक वाफ्यातला २० किलो कांदा जाळीच्या पिशवीत, जोडीतल्या दोन्ही पिशव्या चाळीत शेजारी आणि एकाच उंचीवर. कडेची पिशवी वाऱ्याने जास्त सुकते. ऑगस्टपर्यंतच्या घटीत धरण्यासारखा फरक नव्हता. टॉनिकच्या दोन पिशव्यांत जाड मानेचे कांदे आधी सडले, एवढं खरं.

अशी टॉनिकं, म्हणजे जैव उत्तेजकं, २०२१ पासून १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत आणि मान्यतेसाठी चाचण्यांची आकडेवारी द्यावी लागते. विक्रेत्याकडे ती मागा, आणि त्यात किती पुनरावृत्ती, म्हणजे आमच्या जोड्यांसारख्या तुलना, होत्या तेवढं बघा. आमच्या विक्रेत्याने फोटो दाखवले.

येत्या रब्बीत बाटली तीच, वाफा २० मीटरचा, जोड्या बारा आणि त्यातल्या तीन कोऱ्या.