दोन हिवाळे, २३ हजार किलोमीटर: बर्फाळ रस्त्यावर हायब्रिड गाडी

ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर अशा दोन्हींवर चालणारी गाडी मी बाबांसाठी घेतली. आठवड्यातून तीन दिवस त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. पहाटे सहाची वेळ, जायचं अंतर १४ किलोमीटर, आणि वर्षातले चार-साडेचार महिने रस्त्यावर बर्फ. डायलिसिस करून आलेल्या माणसाला थंडी फार वाजते. चार तास रक्त यंत्रातून फिरलेलं असतं, अंगात त्राण उरलेलं नसतं, आणि अशा वेळी त्यांना गारठलेल्या सीटवर बसवायचं माझ्या जिवावर यायचं. म्हणून मला तीन गोष्टी हव्या होत्या: कितीही थंडी असो, हमखास सुरू होणारी गाडी, लवकर मिळणारी ऊब, आणि घसरड्या रस्त्यावर हिसके न देणारी चाल. मायलेज चौथ्या क्रमांकावर होतं. तुमचा क्रम वेगळा असेल, तर तुमचा निर्णयही वेगळा असू शकतो. म्हणून हे सुरुवातीलाच सांगते.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या जातीच्या बहुतेक गाड्यांना लागू पडतं. लक्झरी श्रेणीतली उंच एसयूव्ही, २.५ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढे दोन इलेक्ट्रिक मोटर आणि मागच्या चाकांना स्वतंत्र तिसरी मोटर. प्लग लावून चार्ज करायची सोय नाही. बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेवरच भरते.

आधी गाडी सुरू होण्याबद्दल. साध्या पेट्रोल गाडीत इंजिन फिरवायचं काम १२ व्होल्टच्या बॅटरीवर पडतं. थंडीत त्या बॅटरीची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच इंजिन ऑइल घट्ट होतं. आमच्या जुन्या गाडीने या कारणाने तीनदा दगा दिला होता. या हायब्रिडमध्ये इंजिन फिरवते ती मोठी, जास्त व्होल्टेजची बॅटरी. १२ व्होल्टची छोटी बॅटरी फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मुख्य बॅटरीची जोडणी करून देते. उणे २४ अंशांत, रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी पहिल्याच बटणाला सुरू झाली. दोन हिवाळ्यांत सुरू होताना तिने एकदाही कुरकुर केली नाही.

एक प्रसंग मात्र सोडून. पहिल्या हिवाळ्यात बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि गाडी १९ दिवस जागची हलली नाही. परत आले तर सगळं ठप्प, दारसुद्धा उघडेना. ती छोटी बॅटरी उतरली होती. मोठी भरलेली होती, पण तिला जागं करणारंच कोणी नव्हतं. आमच्या गाडीत ही बॅटरी मागे डिकीच्या बाजूला आहे, आणि डिकीचं झाकण विजेवर उघडतं. रिमोटच्या आत लपवलेली धातूची किल्ली काढून ड्रायव्हरचं दार उघडायचं, मग बॉनेट, आणि बॉनेटखाली दिलेल्या टर्मिनलवरून दुसऱ्या बॅटरीचा करंट द्यायचा, हे मी त्या दिवशी बर्फात उभी राहून मॅन्युअलमध्ये वाचत होते. तुम्ही ते गाडी घरी आणल्याच्या दिवशीच वाचा. आता गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मी १२ व्होल्टच्या बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवते. जंप स्टार्टर, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला करंट देणारा छोटा डबा, डिकीत ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण तेव्हा डिकीच उघडत नाही, हेही तेव्हाच कळलं. तो घरात हवा.

ऊब हा माझ्यासाठी सर्वांत नाजूक मुद्दा, आणि हायब्रिडची खरी कमतरता इथेच आहे. हीटरला उष्णता मिळते ती कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून. ही इंजिनाची वाया जाणारी उष्णता. बहुतेक हायब्रिडमधली इंजिनं ॲटकिन्सन या इंधन वाचवणाऱ्या पद्धतीवर चालतात आणि त्यातली चांगली इंजिनं इंधनातल्या ऊर्जेचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग कामी लावतात. इंजिन जितकं काटकसरी, तितकी वाया जाणारी उष्णता कमी. त्यात ते सिग्नलला बंद होतं, उतारावर बंद होतं. त्यामुळे साधं इंजिन जितक्या लवकर तापतं तितकं हे तापत नाही. ही अडचण कंपन्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियस या हायब्रिड गाडीत, उत्तर अमेरिकेसाठीच्या गाड्यांत, टोयोटाने चक्क थर्मास बसवला होता: सुमारे ३ लिटर गरम कूलंट तीन दिवसांपर्यंत ऊबदार राहायचं आणि इंजिन सुरू करण्याआधी त्यात सोडलं जायचं. पुढच्या पिढीत तो थर्मास गेला आणि धुराड्यातून बाहेर पडणारी उष्णता कूलंटमध्ये परत घेण्याची व्यवस्था आली. मला ही कल्पना फार आवडते, कारण ज्याने ती काढली त्याने थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाचा विचार केला होता.

आमच्या गाडीत विजेवर चालणारा जोड-हीटर आहे. उणे १५ ला जाळीतून कोमट हवा दोन-तीन मिनिटांत येते, पण मनाजोगती ऊब यायला आठ-नऊ मिनिटं जातात. मधल्या वेळात सीट आणि स्टिअरिंगमधले हीटर तारून नेतात, आणि लक्झरी गाडीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे मला इथे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण विकत घेताना नीट बघा: एकाच मॉडेलच्या खालच्या प्रकारात फक्त पुढच्या सीट तापतात. परत येताना बाबा मागे आडवे होतात, त्यामुळे मागची सीट तापणं आमच्यासाठी गरजेचं होतं. इंधन वाचवणारा इको मोड हिवाळ्यात मी बंदच ठेवते. त्यात हीटर हात आखडता घेतो.

मागच्या सीटवरून आठवलं. दुसऱ्या महिन्यात कधीतरी बॅटरीचा पंखा मोठ्याने फिरायला लागला. बाबांचं पांघरूण खाली सरकून सीटखालच्या जाळीवर पडलं होतं. ती जाळी मुख्य बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची वाट आहे. हिवाळ्यात कोट, शाली, पिशव्या सगळं मागेच टाकलं जातं, म्हणून ही जाळी कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. तिच्या आतला फिल्टरही वेळोवेळी साफ करावा लागतो.

मायलेजची जाहिरात वाचून कोणी हिवाळ्यासाठी ही गाडी घेत असेल, तर थांबा. उन्हाळ्यात मला लिटरला साडेपंधरा किलोमीटर मिळतात. हिवाळ्यात साडेअकरा. आणि फक्त डायलिसिसच्या पहाटेच्या फेऱ्या धरल्या तर नऊ. इंजिन थंड असताना, गाडी उभी असली तरी, गरम होण्यासाठी चालू राहतं. गारठलेली बॅटरी चार्ज कमी घेते, म्हणून ब्रेकमधून परत मिळणारी ऊर्जाही घटते. हिवाळी टायर जास्त ओढ घेतात. हवा दाट होते. यातलं काहीच दोष म्हणून सांगत नाही. १४ किलोमीटरच्या फेरीत निम्मा रस्ता इंजिन तापण्यातच जातो, तर हायब्रिडपणाला वाव कुठे मिळणार? त्याच कडाक्यात सलग ६० किलोमीटर गेले तेव्हा आकडा तेरावर गेला.

आता रस्त्यावरची चाल. इलेक्ट्रिक मोटरची ताकद अगदी बारीक मापाने देता येते, आणि चौकातून निघताना ते जाणवतं. काचेसारख्या बर्फावर ॲक्सिलरेटर हलकेच दाबला की गाडी चाक जागच्या जागी न फिरवता पुढे सरकते. पूर्वी जिथे इंजिन घुरघुरायचं आणि गाडी तिरकी व्हायची, तिथे आता बाबांना गाडी निघाल्याचंही कळत नाही. मात्र मागच्या मोटरकडून भलत्या अपेक्षा ठेवू नका. ती ४० किलोवॉटची आहे, पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा दांडा नाही. रोजच्या रस्त्यावर, साध्या चढावर ती पुरून उरते. पण गुडघाभर भुसभुशीत बर्फात रुतलेली जड गाडी रेटून काढायची असेल, तर यांत्रिक फोर व्हील ड्राइव्हची सर तिला नाही. ज्यांच्या घराची वाट तीव्र चढाची आहे आणि तिथला बर्फ वेळेवर हटवला जात नाही, त्यांनी हा फरक हलक्यात घेऊ नये.

ब्रेकची सवय व्हायला मला महिना लागला. पेडल दाबलं की आधी मोटर उलटं काम करून वेग कमी करते आणि मग खरे ब्रेक लागतात. घसरडा भाग आला की एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा, जागं होतं आणि मोटर बाजूला होऊन सगळं काम खऱ्या ब्रेकवर जातं. त्या क्षणी पायाखालून काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. हा केवळ मनाचा खेळ नाही. २०१० साली टोयोटाने नेमक्या याच कारणासाठी प्रियस आणि इतर काही हायब्रिड मिळून ४ लाखांहून अधिक गाड्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्यासाठी परत बोलावल्या होत्या. आताच्या गाड्यांत ती जाणीव खूप सौम्य आहे, पण आहे. रिकाम्या, बर्फाळ मैदानात दहा-वीस वेळा जोरात ब्रेक दाबून बघा, म्हणजे ऐनवेळी घाबरून पाय उचलला जाणार नाही.

टायरबद्दल मात्र मी कितीही वेळ बोलू शकते. गाडी हायब्रिड असो, साधी असो, चार चाकं ओढणारी असो, थांबण्याचं काम शेवटी तळहाताएवढ्या रबराचं रस्त्याशी असलेलं नातंच करतं. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी लवकर निघते, लवकर थांबत नाही. तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर तेव्हाही मऊ राहतं. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं चिन्ह आहे ना, एवढं तपासा. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही.

लक्झरी गाडीत इथे एक सापळा आहे. शोरूममध्ये २१ इंची रिम सुंदर दिसते. पण तिच्यावर टायरची भिंत बुटकी, बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाकायची भीती जास्त, आणि त्या मापाचे हिवाळी टायर महागही आणि कमी मिळतातही. मी हिवाळ्यासाठी १९ इंची रिमचा वेगळा संच घेतला. गाडीच्या ब्रेकवर ती रिम बसते का, हे आधी विचारून घ्यावं लागतं. या एका निर्णयाने हिवाळ्यात जितका फरक पडला, तितका हायब्रिड यंत्रणेने पडला नाही. पैसे मोजकेच असतील तर गाडीचा खालचा प्रकार घ्या आणि टायर उत्तम घ्या. हवेचा दाबही पाहत राहा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की तो साधारण १ पीएसआयने घटतो.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे, ती प्रत्येक हायब्रिडवाल्याने घरात सांगावी. ही गाडी चालू असताना आवाज करत नाही. गॅरेजमध्ये आणून उभी केली, दार लावलं, आणि बटण बंद करायचं राहिलं, तर मोठ्या बॅटरीचा चार्ज कमी झाला की इंजिन आपोआप सुरू होतं. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. आमच्या गॅरेजला लागूनच बाबांची खोली आहे. मी तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला आहे आणि गाडी गॅरेजमध्ये असताना ती लांबून सुरू करून तापवणं पूर्ण बंद केलं आहे.

याच गुणाचा दुसरा चेहरा फेब्रुवारीत दिसला. पुढे अपघात झाल्याने हिमवादळात रस्त्यावर अडीच तास अडकलो होतो. इंजिन मधूनमधून चार-पाच मिनिटं चालायचं, मग बंद व्हायचं, आणि आत ऊब टिकून. पेट्रोलचा काटा जेमतेम हलला. मी दर वीस मिनिटांनी उतरून धुराड्याभोवतीचा बर्फ दूर करत होते, कारण ते बुजलं तर धूर आत शिरतो. बाबा त्या अडीच तासांत झोपले होते. गाडी घेतल्याचं समाधान मला त्या रात्री मिळालं.

किरकोळ बाबी पटकन. पुढच्या रडारवर बर्फ चिकटला की अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल बंद पडतो. निघण्याआधी तो भाग पुसायचा. रस्त्यावरच्या मिठासाठी गाडीचा तळ महिन्यातून दोनदा धुऊन घेते, आणि मागच्या मोटरकडे जाणाऱ्या केबलचं टोक सर्व्हिसिंगला आवर्जून तपासायला सांगते. छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी मिसळत राहतं, म्हणून ऑइल ठरलेल्या मुदतीच्या आधीच बदलते.

दादा सध्या अशीच गाडी घ्यायच्या विचारात आहे. त्याला म्हटलं, तुझा प्रवास रोजचा ९० किलोमीटर हायवेचा, सलग वेगाचा. तुला चांगलं साधं पेट्रोल इंजिन आणि यांत्रिक फोर व्हील ड्राइव्ह जास्त उपयोगी पडेल. घरी चार्जिंगची सोय असती तर प्लग-इन बघ म्हटलं असतं, पण त्यातही विचारून घे, कारण काही प्लग-इन गाड्या कडाक्याच्या थंडीत हीटर लावताच इंजिन सुरू करतात. शहरातली थांबत-थांबत जाणारी वाट, मध्यम अंतर, सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल, अशांना मी हायब्रिडच सुचवेन. आणि टेस्ट ड्राइव्ह दुपारी घेऊ नकोस, रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा तूच सुरू कर, असंही सांगितलं.

काल हिवाळी टायर काढून ठेवताना नक्षीची खोली मोजली. साडेपाच मिलिमीटर भरली. चारच्या खाली गेली की मी ते वापरत नाही, म्हणजे आणखी एक हिवाळा निघेल. चाकांवर खडूने जागा लिहून ठेवली आहे. मागची पुढे लावायची आहेत.